कळांची भीती कमी कशी होते

सातवा महिना सरला की गर्भवतीच्या घरी बायांचं येणं-जाणं वाढतं, आणि प्रत्येकीजवळ आपल्या बाळंतपणाची एक कहाणी असते. कुणाला दोन दिवस कळा होत्या, कुणाच्या जावेला अगदी शेवटी सिझरला नेलं, कुणाला टाके घालताना जीव नकोसा झाला. डोहाळजेवणाच्या पाटावर बसलेली पोरगी हसतमुखानं सगळं ऐकून घेते आणि रात्री छताकडे बघत पडून राहते. सकाळी तिनं धीर करून कुणाला सांगितलंच, तर उत्तर ठरलेलं: "कायले भेतं वं? सगळ्याच बायाईले होते."

हे उत्तर मायेपोटीच दिलेलं असतं. पण त्यानं भीती जात नाही, फक्त तिचं बोलणं बंद होतं. नागपुरात गर्भवतींचे वर्ग घेताना मला हे नेहमी दिसतं. डॉक्टरांना विचारायच्या यादीत हिमोग्लोबिन असतं, सोनोग्राफी असते, माहेरी जायला प्रवास चालेल का हे असतं. "मला दुखण्याची फार भीती वाटते" हे वाक्य मात्र यादीत नसतं.

एपिड्युरल, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून बारीक नळी घालून दिलं जाणारं वेदनाशामक, हा कळांवरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. पण त्यासाठी भूलतज्ज्ञ रात्री-अपरात्री हाताशी असावे लागतात. धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या खाजगी रुग्णालयांत ते जमू शकतं; लहान नर्सिंग होममध्ये आणि गर्दीच्या सरकारी प्रसूतिगृहात अनेकदा जमत नाही. काहीजणींना ते नकोच असतं. कारण कोणतंही असो, औषधाविना कळा काढायच्या आहेत हे माहीत असलेल्या बाईचे शेवटचे दोन महिने धास्तीत जातात.

दुखणं आणि दुखण्याची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयारी केली म्हणून दुखणं नाहीसं होत नाही, तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण भीतीमुळे त्या दुखण्यात जी भर पडते, ती बरीच कमी करता येते. आणि ती कमी करणं एकट्या बाईच्या अंगावर टाकायचं काम नाही. त्यात घरच्यांचा वाटा आहे, लेबर रूममधल्या माणसांचाही आहे.

दुखतं नेमकं कशानं

गर्भाशय हा जाड आणि ताकदीचा स्नायू आहे. कळ येते तेव्हा तो वरून आवळतो आणि पिशवीचं तोंड वर ओढून घेतो. आखूड गळ्याचा स्वेटर घालताना गळा ताणत ताणत शेवटी डोक्याच्या मापाचा होतो, तसं हे तोंड आधी पातळ होतं आणि मग उघडत उघडत १० सेंटिमीटरपर्यंत जातं. आवळणारा स्नायू आणि ताणलं जाणारं तोंड, या दोन्हींकडून निघालेले संदेश पाठीच्या कण्यात जिथे शिरतात, तिथेच कंबर, ओटीपोट आणि मांड्यांच्या वरच्या भागाकडच्या नसाही येऊन मिळतात. म्हणून कळ पिशवीची असूनही कंबर तुटून पडतेय असं वाटतं. कमरेला काही इजा होत असते असं नाही. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर ही कंबरदुखी आणखी जाणवते.

सुरुवातीच्या कळा अनियमित असतात आणि हा टप्पा पहिलटकरणीत कित्येक तास, कधी दिवसभरही चालतो. "दोन दिवस कळा होत्या" या कहाण्यांतला मोठा भाग बहुधा हाच असतो. या वेळात बाई चालू शकते, जेवू शकते, दोन कळांच्या मध्ये डुलकी काढू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावर सुरू झाला असं धरतात. तिथून पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या बाळंतपणात साधारण १२ तासांपर्यंत आणि पुढच्या बाळंतपणात १० तासांपर्यंत वेळ लागू शकतो. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना ठोकताळा सगळ्यांना लागू करू नये असंही त्याच सूचनांत म्हटलं आहे. "अजून दोनच बोटं उघडलंय" हे ऐकून खचणाऱ्या बाईला आणि तिच्या आईला हे आधी माहीत असावं.

आता १२ तास हा आकडा वाचून छातीत धस्स होतं, म्हणून त्यातला हिशोब नीट बघू. ऐन भरातल्या कळा दोन-तीन मिनिटांनी येतात, आणि एक कळ पाऊण ते एक मिनिट टिकते. दहा मिनिटांत तीन कळा धरल्या तर तासाला १८. प्रत्येक कळ पूर्ण एक मिनिटाची धरली, तरी तासातली १८ मिनिटं कळांची झाली आणि ४२ मिनिटं मोकळी. त्या एका मिनिटातही कळ चढते, टोकाला पोचते आणि उतरते. सहन करायला सर्वांत कठीण असतो तो मधला थोडा भाग. दातदुखीसारखं हे सलग ठणकणं नाही. दोन कळांमधली विश्रांती शरीरच देतं. मात्र पुढच्या कळेच्या धाकात ही मोकळी मिनिटंही आवळलेल्या अंगानं काढली, तर सगळे तास कळांचेच होऊन जातात. भीतीचा सगळ्यात मोठा तोटा मला इथे दिसतो.

तोंड पूर्ण उघडायच्या थोडं आधी, साधारण ८ सेंटिमीटरच्या पुढे, एक अवघड टप्पा येतो. कळा एकामागून एक येतात, अंग थरथरतं, उलटी होते, कधी घाम फुटतो तर कधी हुडहुडी भरते. "आता माझ्याच्यानं होत नाही, सिझर करून टाका" असं बहुतेकदा याच वेळी तोंडून निघतं. सोबतच्या माणसाला हे माहीत नसेल तर तोही घाबरतो. खरं तर सर्वांत लांबचा पल्ला तेव्हा पार झालेला असतो. त्यानंतर जोर लावायचा टप्पा येतो. तेव्हाचं दुखणं वेगळ्या जातीचं असतं: खाली प्रचंड दाब, शौचाला लागल्यासारखी भावना, आणि डोकं बाहेर येताना आग झाल्यासारखं जळजळणं. बऱ्याच बाया सांगतात की हातात काहीतरी करण्यासारखं आल्यामुळे हा टप्पा आधीपेक्षा बरा वाटला. सगळ्यांना तसं वाटेलच असं मात्र नाही.

माँट्रियलचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदना मोजण्याची एक पद्धत तयार केली होती, आणि १९८१ मध्ये त्यांनी प्रसूतिवेदनांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. बाळंतपणाचं प्रशिक्षण घेतलेल्या पहिलटकरणींच्या वेदना सरासरीनं कमी भरल्या, पण तो फरक फार मोठा नव्हता. प्रशिक्षण घेऊनही दुखलंच. मी वर्गात हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण श्वास नीट घेतला की काही जाणवत नाही, असं समजून लेबर रूममध्ये गेलेली बाई पहिल्या मोठ्या कळेलाच आपण हरलो असं मानते.

भीतीनं काय होतं

कळा आणण्याचं काम ऑक्सिटोसिन हे संप्रेरक करतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून ते रक्तात येतं. या ग्रंथीच्या अर्कानं गर्भाशय आवळतं, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखवलं. बाई निवांत असेल, आपल्या माणसांत असेल, उजेड-गोंगाट कमी असेल, तर ऑक्सिटोसिन नीट वाहतं. सोबत शरीर स्वतःचं वेदनाशामकही बनवतं, एंडॉर्फिन नावाचं. घाबरल्यावर मात्र ॲड्रिनलिन वाढतं. धोका दिसला की पळायला किंवा लढायला तयार करणारं हे रसायन आहे: छाती धडधडते, जबडा आवळतो, खांदे वर जातात, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. ॲड्रिनलिन खूप वाढलं तर गर्भाशयाच्या कळा मंदावू शकतात. घरी नियमित येणाऱ्या कळा दवाखान्याच्या दारात पोचल्यावर थांबल्या, असं अनेकींचं होतं, ते यामुळेच असू शकतं.

१९३० च्या दशकात ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी भीतीतून ताण आणि ताणातून वेदना असं चक्र मांडलं. त्यात तथ्य आहे. पण त्यातून पुढे एक वाईट अर्थ काढला गेला, की ज्या बाईला दुखलं ती घाबरट असणार. हे मला मुळीच मान्य नाही. दुखणं खरं आहे, त्याला शरीरात खरी कारणं आहेत, आणि बाळाची जागा, आकार, कळांचा जोर यांवर बाईचा काही ताबा नसतो.

भीतीच्या परिणामाचं मापही ठाऊक असलेलं बरं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात २,२०६ स्त्रियांची बाळंतपणं पाहिली गेली. ज्यांना बाळंतपणाची फार भीती होती त्यांना, बाकीची कारणं हिशोबात धरूनही, सरासरी ४७ मिनिटं जास्त लागली. आणि त्यांच्यापैकीही बहुतेकींची प्रसूती नॉर्मलच झाली. म्हणजे भीती फार असली तरी वेळेतला फरक सरासरी पाऊण तासाचा. "घाबरू नको, नाहीतर बाळाला त्रास होईल" असं म्हणून तिच्या भीतीत आणखी भर घालायचं काही कारण नाही.

आधीच्या आठवड्यांत काय करायचं

पहिलं काम कागद-पेन घेऊन बसण्याचं. "भीती वाटते" एवढ्यावर थांबू नका, कशाची ते लिहा. वर्गात बाया लिहितात तेव्हा कळतं की प्रत्येकीची भीती निराळी आहे. एकीला आतून तपासणी करतात त्याची, एकीला कात्री लावतील त्याची, एकीला लोकांसमोर ओरडू याची लाज, एकीला "बाळ गुदमरलं तर" याची. फार थोड्या बाया नुसतं "कळा" एवढंच लिहितात. वेगळ्या भीतीला वेगळं उत्तर लागतं आणि त्यातली बरीच उत्तरं पाच मिनिटांत मिळतात. उदाहरणार्थ, सगळं सुरळीत चाललं असेल तर जोराच्या कळांच्या टप्प्यात आतून तपासणी साधारण चार तासांनी पुरते. योनिमार्गाजवळ छेद प्रत्येकीला सरसकट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. छेद द्यायचा किंवा टाके घालायचे तर आधी जागा सुन्न करायचं इंजेक्शन देतात, आणि टाके घालताना दुखत असेल तर "अजून सुन्न झालं नाही" असं सांगायचं असतं. पोटावर जोरानं दाबून बाळ खाली ढकलणं याच सूचनांत नको म्हटलं आहे. हे माहीत असलेली बाई प्रश्न विचारू शकते.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. त्यामुळे सात महिने नागपुरात एका डॉक्टरांकडे दाखवलेली मुलगी आठव्या महिन्यात वर्ध्याला किंवा भंडाऱ्याला जाते, नाहीतर तिकडची मुलगी इकडे येते. डॉक्टर नवे, इमारत नवी, सिस्टर नव्या. भीतीतला मोठा हिस्सा या नवखेपणाचा असतो. म्हणून जिथे बाळंतपण करायचं तिथे कळा सुरू व्हायच्या आधी एकदा तरी जाऊन या. नागपुरातली डागा, मेयो, मेडिकल, मिहानचं एम्स ही सरकारी रुग्णालयं असोत की गल्लीतलं नर्सिंग होम. कोणत्या दारानं जायचं, रात्री कुठलं दार उघडं असतं, फाईल कुठे दाखवायची, लेबर रूम कोणत्या मजल्यावर, एवढं बघून आलं तरी फरक पडतो. आत डोकावू देतील का, हे विचारायला हरकत नाही. सोबत एकीला थांबू देतात का, कळांत चालू देतात का, पाणी पिऊ देतात का, दुखणं असह्य झालं तर कोणती सोय आहे, हेही तेव्हाच विचारा. सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधं, गरज पडल्यास सिझर आणि दवाखान्यापर्यंतची गाडी मोफत असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून चालू आहे. खर्चाची धास्ती हीदेखील रात्री जागवणारी धास्तीच असते.

मग सराव. यात मला सगळ्यात आवडतो तो बर्फाचा. फ्रीजमधला बर्फाचा एक खडा मुठीत घ्यायचा आणि मोबाईलवर एक मिनिट लावायचं. पहिल्या वेळी काहीच सुचवत नाही, नुसता धरायला सांगते. दहा-पंधरा सेकंदांत तळहात जळायला लागतो. भुवया आक्रसतात, खांदे कानांपाशी जातात, दुसऱ्या हाताची मूठही आपोआप वळते, श्वास अडतो. काहीजणी मध्येच खडा वाटीत टाकून देतात. थोडं थांबून दुसऱ्या हातानं पुन्हा. या वेळी नाकानं हळू श्वास आत आणि ओठ सैल सोडून लांब उच्छ्वास, आत घ्यायला लागतो त्याच्या जवळजवळ दीडपट वेळ बाहेर सोडायला. जबडा ढिला. नवरा किंवा आई मागे उभी राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवते आणि ते खाली आहेत ना एवढंच बघते. बर्फ तितकाच गार आहे, तळहात तितकाच जळतो आहे. पण बाकीचं अंग त्या जळण्यात सामील झालेलं नाही. मिनिट संपल्यावर बऱ्याचजणी स्वतःहून म्हणतात की या वेळी लवकर संपलं. कळ बर्फापेक्षा कितीतरी जोरकस असते हे मी तिथेच सांगते. शिकायचं काय, तर एक जागा दुखत असताना बाकीचं शरीर सैल ठेवता येतं. रोज एकदा पुरे, आणि एका मिनिटापेक्षा जास्त धरायचा नाही.

श्वासाची गडबड एकच होते. घाबरून भराभर, वरवर श्वास घेतला की बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि बाईला वाटतं काहीतरी बिघडलं. तसं झालं तर उच्छ्वास लांबवायचा, इतकंच. उच्छ्वासाबरोबर खालच्या पट्टीत "आऽऽ" किंवा "हूंऽऽ" असा आवाज काढला तर श्वास आपोआप लांबतो आणि जबडाही सुटतो. हा सराव बायांना सर्वांत जड जातो. शेजारच्या खोलीत सासरे बसलेले असताना आवाज कसा काढायचा? त्यांची अडचण खरी आहे. दार लावून, कूलर चालू करून करा, पण करा. ज्या बाईनं घरात कधी आवाज काढून पाहिलेला नाही, तिला लेबर रूममध्ये एकतर ओठ आवळून बसावं लागतं नाहीतर किंचाळावं लागतं. दोन्हींत अंग ताठतं.

काहीजणींची भीती मात्र या सगळ्याच्या पलीकडची असते. झोप उडते, बाळंतपणाचा विषय निघाला की छाती भरून येते, नॉर्मलची कल्पनाच सहन होत नाही, मूलच नको वाटतं. याला टोकोफोबिया म्हणतात. हा आजार आहे, नाटक नाही. आधीच्या बाळंतपणात वाईट अनुभव आलेल्या किंवा कधीतरी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांमध्ये तो असू शकतो. अशा वेळी बर्फ आणि श्वास पुरत नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगून मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी, आणि प्रसूती कशी करायची हेही त्यांच्यासोबत बसून ठरवावं.

कळा सुरू झाल्यावर

पहिलं बाळंतपण असेल आणि गर्भारपण सरळ असेल, तर दर पाच मिनिटांनी, एक-एक मिनिटाची कळ तासभर येत राहिली की निघायचं, असा सर्वसाधारण अंदाज. काटोल, उमरेड, रामटेककडून यायचं असेल तर आधीच निघा. पाणी गेलं, रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ३७ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर वाट बघायची नाही. तोवर घरी थांबणं बऱ्याचजणींना सोपं जातं, कारण अंगण आपलं असतं, बाथरूम आपली असते. मेच्या नवतप्यात पारा ४५ च्या पुढे असताना घरी कळा काढत असाल तर घोट घोट पाणी, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, ताक, नारळपाणी घेत राहा. अंगातलं पाणी कमी झालं की थकवा लवकर येतो, आणि थकलेल्या माणसाला दुखणं जास्त लागतं.

दवाखान्यात गेल्यावर पलंगावर उताणं पडून राहणं हा कळा काढायचा सर्वांत अवघड प्रकार आहे. उभं राहणं, चालणं, भिंतीला टेकून झुलणं, गुडघ्यांवर पुढे वाकणं, यानं बाळाच्या वजनाची मदत मिळते. उभ्यानं किंवा बसून राहणाऱ्या स्त्रियांचा पहिला टप्पा सरासरी तासाभरानं कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. कंबर फार धरत असेल तर सोबतच्या बाईनं कळ सुरू होताच माकडहाडाच्या वर, कमरेच्या सपाट हाडावर तळहाताचा खालचा भाग टेकवून जोरानं दाबायचं आणि कळ उतरेपर्यंत सोडायचं नाही. हलकं चोळणं तिथे पुरत नाही. स्वतःचं वजन टाकावं लागतं आणि नेमकी जागा तिच्याकडून विचारून घ्यावी लागते. गरम पाण्याची पिशवी, चालत असेल तर कोमट पाण्यानं आंघोळ, यांनीही आराम पडतो. यामागचं शास्त्र मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं: दाबाचे आणि स्पर्शाचे संदेश पाठीच्या कण्यात वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडवतात. कोपर आपटल्यावर आपण ते लगेच का चोळतो, त्याचं उत्तरही हेच.

या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे सोबत. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात २६ अभ्यासांतल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. ज्यांच्याजवळ पूर्ण वेळ कुणीतरी होतं, त्यांची प्रसूती नॉर्मल होण्याचं प्रमाण जास्त, कळांचा काळ थोडा कमी, वेदनाशामकाची गरज कमी आणि सिझरही कमी होतं. भारत सरकारनं २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत सोबतिणीला आत थांबू देण्याविषयी सूचना काढल्या, आणि २०१७ अखेरीस सुरू झालेल्या "लक्ष्य" कार्यक्रमात सन्मानानं वागवण्यावर भर आहे. आडोसा नसलेल्या लेबर रूममध्ये सहसा बाईलाच आत घेतात, नवऱ्याला बाहेर थांबावं लागतं. तेव्हा कोण आत जाणार हे घरी आधी ठरवा, आणि मानाप्रमाणे नको, स्वभावाप्रमाणे ठरवा. सासू की आई असा वाद घालण्यापेक्षा जी घाबरत नाही, कमी बोलते आणि पाठ दाबू शकते अशी मावशी किंवा जाऊ परवडली. "अजून किती वेळ?" हे तिनं बाईसमोर विचारायचं नाही. एका वेळी एकच कळ: "ही चढतेय, श्वास सोड, आता उतरतेय, गेली." कळ गेली की घोटभर पाणी आणि कपाळावर ओला रुमाल. ८ सेंटिमीटरच्या पुढचा तो टप्पा आला की काय बोलायचं हेही ठरवून जा.

आता जे बोललं जात नाही ते. माझ्याकडे दुसऱ्या खेपेला येणाऱ्या कित्येक बायांना पहिल्या वेळच्या कळा धूसर आठवतात, पण ऐकून घ्यावी लागलेली बोलणी शब्दन् शब्द आठवतात. "माय वं" म्हणून ओरडल्यावर मिळालेला टोमणा, मांडीवर बसलेली चापट, "तेव्हा नाही का समजलं" हे वाक्य. एका सिस्टरच्या वाट्याला एका वेळी किती टेबलं असतात हे मी जाणते, आणि त्यांच्या थकव्याचा मला आदर आहे. तरी या वागण्याला माफी नाही. अपमानानंही ॲड्रिनलिनच वाढतं. ओरडण्यानं बाळाला इजा होत नाही. जोर लावायच्या वेळी आवाजात शक्ती जाते म्हणून तोंड मिटून जोर लाव असं सांगणं वेगळं, आणि दटावणं वेगळं. सोबतिणीनं अशा वेळी भांडू नये, पण मध्ये पडावं: "सिस्टर, ती ऐकते तुमचं, काय करायचं ते मी तिला सांगते." दाखल होतानाच "मला फार भीती वाटते, काही करायच्या आधी एकदा सांगाल का?" असं म्हटलं, तर पुष्कळ सिस्टर खरोखर सांगतात. हे वाक्य फाईलच्या पहिल्या पानावर चिठ्ठीत लिहून ठेवलं तरी चालतं.

कळा मंद असतील तर सलाईनमधून ऑक्सिटोसिन देतात. त्यानं कळा एकदम जोरकस येऊ शकतात आणि मधली विश्रांतीही आखडू शकते. आधी कळलं असेल तर बाई त्यासाठी तयार राहते, म्हणून सलाईन लावताना त्यात काय आहे आणि ते का देताय, हे विचारावं.

आणि ठरवलेलं बदलावं लागलं तर? बदलायचं. ज्या दवाखान्यात एपिड्युरल नाही तिथेही वेदना कमी करणारं इंजेक्शन मिळू शकतं, काही ठिकाणी नळीतून ओढायचा नायट्रस ऑक्साईड वायू असतो. कळा चोवीस तास चालल्या, बाई पार थकली, आणि तिनं औषध मागितलं, तर ते मागणं योग्यच आहे. सिझर झालं तर घेतलेली तयारी वाया जात नाही. ऑपरेशन टेबलावर थंडीनं आणि भीतीनं थरथरतानाही तोच लांब उच्छ्वास उपयोगी पडतो. "बिनाइंजेक्शनची झाली" म्हणून कौतुक आणि "इंजेक्शन घ्यावं लागलं" म्हणून नाक मुरडणं, हे दोन्ही आपल्या घरांतून बंद झालं पाहिजे.

बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडू येणं, आठवणी दाटणं सर्वसाधारण आहे. तेव्हा तिला घडलेलं सगळं एकदा तिच्या क्रमानं सांगू द्यावं. मध्येच "बाळ सुखरूप आहे ना, झालं तर मग" म्हणून तोडू नये. दोन आठवडे उलटूनही उदासी हटली नाही, लेबर रूम स्वप्नात येत राहिली, त्या रस्त्यानं जाताना छाती धडधडली, किंवा बाळाला जवळ घ्यावंसं वाटेना, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. पुढच्या गर्भारपणात पहिल्याच तपासणीला मागचा अनुभव सांगून तो फाईलवर लिहून घ्यायला लावा, म्हणजे नवव्या महिन्यात ड्युटीवर जे कोणी असतील त्यांनाही तो वाचता येईल.